सीपीयू रिकामा, रांग तुंबलेली: टक्सिडोवरच्या एका कोंडीचे प्रकरण

एका घाऊक वितरण व्यवसायाची ऑर्डर-नोंदणी ऑरॅकल टक्सिडोवर चालते. टक्सिडो म्हणजे क्लायंटच्या विनंत्या सर्व्हरपर्यंत पोहोचवणारे आणि त्यांचे व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सांभाळणारे मधले सॉफ्टवेअर. लिनक्सचे एकच मशीन, मागे ऑरॅकल डेटाबेस आणि सी भाषेत लिहिलेले सर्व्हर. रोजचे काम बिनबोभाट होते. महिनाअखेरीला मात्र गर्दी वाढली की ऑर्डरचा स्क्रीन गोठतो आणि मिनिटभराने सगळ्यांना एकदम एरर येते. पुन्हा बटण दाबले की पुन्हा तेच. सर्व्हर बंद करून चालू केले की थोडा वेळ बरे चालते, मग परत अडते. या सगळ्या काळात मशीनचा सीपीयू जवळजवळ रिकामा असतो.

ही मांडणी प्रातिनिधिक आहे. आकडे हिशेब मांडता यावा म्हणून ठरवले आहेत. दोष मात्र टक्सिडोवर काम करणाऱ्यांना वारंवार भेटणारा आहे, आणि दर वेळी त्याचे खापर आधी डेटाबेसवर फुटते.

टक्सिडोचा ढाचा, कामापुरता

टक्सिडोचा जन्म १९८३च्या सुमाराचा, एटी अँड टीच्या बेल लॅब्जमधला. टेलिफोन लाइनच्या दुरुस्तीची कामे सांभाळणाऱ्या अंतर्गत यंत्रणेसाठी तो लिहिला गेला. युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजबरोबर तो १९९३मध्ये नॉव्हेलकडे गेला, १९९६मध्ये बीईएकडे आणि २००८मध्ये बीईएसकट ऑरॅकलकडे. बँका, टेलिकॉम, विमान कंपन्या यांच्या पोटात तो अजून चालतो. पुण्या-मुंबईत बसून पीपलसॉफ्ट हे कंपन्यांच्या कारभाराचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांचा त्याच्याशी रोजचा संबंध येतो, कारण पीपलसॉफ्टचा ॲप्लिकेशन सर्व्हर टक्सिडोवरच उभा आहे.

रचना अशी. सर्व्हर म्हणजे एक प्रोसेस, आणि ती एक किंवा अनेक सर्व्हिस देते. कोणती सर्व्हिस कोणत्या रांगेवर मिळते याची नोंद ‘बुलेटिन बोर्ड’ नावाच्या सामायिक मेमरीत असते. क्लायंट टीपीकॉल करतो, म्हणजे सर्व्हिस मागून उत्तरासाठी थांबतो, टक्सिडो बोर्डावर सर्व्हिसचे नाव शोधतो आणि विनंती त्या सर्व्हरच्या रांगेत टाकतो. ही रांग युनिक्सच्या सिस्टिम व्ही मेसेज क्यूची असते. नेहमीचा, म्हणजे एका थ्रेडचा, सर्व्हर एका वेळी एकच विनंती घेतो, काम करतो, टीपीरिटर्नने उत्तर पाठवतो आणि मगच पुढची उचलतो. एकसारख्या अनेक सर्व्हरना एकच रांग देता येते. त्यासाठी सगळ्यांना आरक्यूॲड्रमध्ये एकच नाव द्यायचे, आणि अशा गटातल्या प्रत्येक सर्व्हरने नेमक्या त्याच सर्व्हिस दिल्या पाहिजेत.

सर्व्हिसला दुसरी सर्व्हिस हवी असेल तर तीही टीपीकॉलच करते. बोलावलेली सर्व्हिस शेजारच्या प्रोसेसमध्ये आहे, दुसऱ्या मशीनवर आहे की आपल्याच प्रोग्राममध्ये आहे, हे कोडला दिसत नाही. टक्सिडोचा हाच मोठा गुण मानला जातो. या प्रकरणात नेमका तोच नडला.

मांडणी आणि एक निरुपद्रवी वाटणारा बदल

ऑर्डर घेणाऱ्या सर्व्हरचे नाव ऑर्डसर्व्हर. त्याच्या पाच प्रती एकाच रांगेवर बसतात. यूबीबीकॉन्फिग या टक्सिडोच्या कॉन्फिग फाइलमधल्या कामाच्या ओळी अशा होत्या:

रिसोर्सेस: मॉडेल एसएचएम, एलडीबाल वाय, स्कॅनयुनिट १०, ब्लॉकटाइम ६
सर्व्हर्स: ऑर्डसर्व्हर, एसआरव्हीआयडी १०, मिन ५, मॅक्स ८, आरक्यूॲड्र ऑर्डक्यू, रिप्लायक्यू वाय, सीएलओपीटी “-ए”
सर्व्हिसेस: ऑर्डरनोंद, ऑटोट्रान वाय, ट्रानटाइम ३०

ब्लॉकटाइम हा सेकंदांचा आकडा नाही, स्कॅनयुनिटचा गुणक आहे. म्हणून इथे क्लायंट ६ × १० = ६० सेकंद थांबतो. बीबीएल ही देखरेखीची प्रोसेस दर स्कॅनयुनिटला तपासणी करते, त्यामुळे प्रत्यक्ष मुदत काही सेकंद पुढे सरकू शकते. ऑटोट्रानमुळे ऑर्डरनोंद सुरू होताच व्यवहार उघडतो आणि ३० सेकंदांत तो पुरा झाला नाही तर रद्द होतो.

पूर्वी ग्राहकाची पत तपासणे हे ऑर्डरनोंदच्या आतले साधे फंक्शन होते. पुढे वसुली विभागाच्या स्क्रीनलाही तीच तपासणी हवी झाली, म्हणून तिची ‘पतपाहणी’ नावाची सर्व्हिस केली. कोड त्याच फाइलमध्ये होता, तेव्हा बिल्डसर्व्हरच्या यादीत एक नाव वाढवले आणि काम झाले. “-ए” म्हणजे बिल्ड करताना दिलेल्या सगळ्या सर्व्हिस जाहीर करा, त्यामुळे कॉन्फिगला हातही लावावा लागला नाही. ऑर्डरनोंदमधल्या फंक्शनच्या जागी टीपीकॉल आला. पत फक्त वाचायची असल्याने तो टीपीनोट्रान फ्लॅग लावून केला, म्हणजे ही तपासणी ऑर्डरच्या व्यवहारात मोडत नाही. कोड-तपासणीत कोणी नाव ठेवावे असे यात काही दिसत नाही. तर्क एका जागी आला आणि दोन्हीकडे वापरता आला.

अडल्यावर काय दिसते

टीएमॲडमिन हे टक्सिडोचे देखरेखीचे साधन उघडून पीएसआर (सर्व्हरची स्थिती दाखवणारा हुकूम) दिले तर ऑर्डसर्व्हरच्या पाचही ओळींत चालू सर्व्हिस म्हणून ऑर्डरनोंद दिसते. एकही ‘आयडल’ नाही. दहा सेकंदांनी पुन्हा पीएसआर दिले तर पुऱ्या झालेल्या विनंत्यांचा, म्हणजे आरक्यूडनचा, आकडा जिथल्या तिथे. पीक्यू (रांगांची स्थिती) दिले तर ऑर्डक्यूवरच्या थांबलेल्या विनंत्या वाढत चाललेल्या. टॉपमध्ये पाहिले तर हे पाचही प्रोसेस झोपलेले.

सर्व्हर कामात आहे, पण सीपीयू खात नाही, याचा अर्थ तो कोणाची तरी वाट पाहतो आहे. इथे बहुतेक जण सरळ डेटाबेसकडे धावतात, आणि तिथे संशयाला जागा मिळतेही. ऑर्डरनोंद आधी ऑर्डरची ओळ घालते आणि मग पत तपासते, त्यामुळे पाच सेशनकडे लॉक धरलेले सापडतात. डेटाबेस सांभाळणारा डीबीए ते दाखवतो आणि चर्चा लॉकवर अडकते. पण त्याच सेशन कशाची वाट पाहत आहेत ते पाहा. “एसक्यूएल नेट मेसेज फ्रॉम क्लायंट”, म्हणजे डेटाबेस रिकामा आहे आणि पुढचा हुकूम ॲप्लिकेशनकडून येण्याची वाट पाहतो आहे. लॉक धरले आहेत हे खरे, पण ते अडचणीचा परिणाम आहेत.

खात्री करायची तर एका अडकलेल्या प्रोसेसवर पीस्टॅक चालवावा, म्हणजे ती कोणत्या फंक्शनमध्ये आहे ते दिसते. सर्वांत वर एमएसजीआरसीव्ही (रांगेतून संदेश घेणारा कॉल), त्याखाली टीपीकॉल आणि त्याच्याही खाली ऑर्डरनोंद दिसते. रिकामा सर्व्हरही एमएसजीआरसीव्हीमध्येच बसलेला असतो, फरक मधल्या ओळींत आहे. मध्ये टीपीकॉल असेल तर तो नव्या कामाची नव्हे, उत्तराची वाट पाहतो आहे. पाचही स्टॅक असेच निघाले की निदान जवळजवळ झाले. पाचही जण पतपाहणीच्या उत्तरासाठी थांबले आहेत, आणि पतपाहणी देणारे सर्व्हर हेच पाच आहेत.

पाचही खिडक्यांवरचे कारकून एकाच वेळी उठून आपल्याच खिडक्यांसमोरच्या रांगेच्या शेपटीला जाऊन उभे राहावेत, तसा हा प्रकार.

रांगेत नेमके काय घडते

हे विनंतीगणिक पाहण्यासारखे आहे, कारण ‘थोडा वेळ अडते, मग सुटेल’ ही आशा इथेच खोटी ठरते.

पाच ऑर्डर जवळजवळ एकदम आल्या, पाच सर्व्हरनी एकेक उचलली. प्रत्येकाने पतपाहणी मागितली. रांगेत प१ ते प५ उभ्या राहिल्या आणि उचलायला कोणी नाही. दर सेकंदाला २ ऑर्डर येत असतील तर ३० सेकंदांत त्यांच्या मागे ६० ऑर्डर साचतात. तीस सेकंदांनी व्यवहाराची मुदत संपते. टीपीनोट्रान लावला तरी व्यवहारात असलेल्या कॉलरला व्यवहाराचीच मुदत लागू राहते, ब्लॉकटाइम नाही. हा बारकावा पुष्कळांना माहीत नसतो, आणि मग ६०च्या ऐवजी ३० सेकंदांनी एरर का आली यावर वाद होतात. टीपीकॉल टीपीईटाइम, म्हणजे मुदत संपल्याचा कोड १३, देऊन परततो. पाचही ऑर्डर अपयशी होतात आणि त्या पाच क्लायंटना सर्व्हिसच्या बाजूचा अपयशाचा कोड जातो.

आता सर्व्हर मोकळे. रांगेच्या तोंडाशी प१ ते प५ अजून आहेतच. मागणारा निघून गेला तरी नेहमीच्या मांडणीत रांगेतली विनंती कोणी काढत नाही. सर्व्हर त्या प्रामाणिकपणे उरकतात, ८० मिलिसेकंदांत एकेक, आणि ज्यांना आता वाली नाही अशी उत्तरे टाकून दिली जातात. मग पाचही जण पुढच्या पाच ऑर्डर उचलतात. त्यांच्या पतपाहण्या कुठे जातील? उरलेल्या ५५ ऑर्डरच्या मागे. म्हणजे पहिली कोंडी योगायोगाने झाली, दुसरी होणारच. तिसरीत तर मोकळ्या झालेल्या सर्व्हरच्या हाती पतपाहणी लागतसुद्धा नाही, सरळ पुढच्या ऑर्डरच लागतात.

इथून पुढे यंत्रणा ३० सेकंदांना ५, म्हणजे मिनिटाला १० ऑर्डर या वेगाने रांग खाली करते, आणि त्या सगळ्या अपयशी होतात. येतात मात्र मिनिटाला १२०. मागचे क्लायंट ६० सेकंदांनी टीपीईटाइम घेऊन बाहेर पडतात, वापरणारा पुन्हा बटण दाबतो आणि रांगेत आणखी एक भर पडते. आवक बंद झाल्याशिवाय किंवा सर्व्हर पाडल्याशिवाय यातून सुटका नाही. टीएमशटडाउन केले की रांगाही जातात आणि त्यातल्या विनंत्याही. ‘रिस्टार्ट केल्यावर चालते’ ते यामुळे.

रांग फार वाढली तर आणखी एक गोष्ट घडते. मेसेज क्यूला कर्नलची मर्यादा असते, एमएसजीएमएनबी, आणि लिनक्सवर तिची मूळ किंमत १६३८४ बाइट आहे. संदेश रांगेच्या मानाने मोठा असेल किंवा रांगेत जागा नसेल तर टक्सिडो तो तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून रांगेत फक्त त्या फाइलचा पत्ता ठेवतो. काम चालते, पण वेग पडतो, आणि शोध घेणाऱ्याचे लक्ष डिस्ककडे वळते.

महिनाअखेरीलाच का

पाचही सर्व्हर एकाच वेळी ऑर्डरनोंदमध्ये अडकण्याचा दर ढोबळ मानाने काढता येतो. एका ऑर्डरला ०.३ सेकंद लागतात. रोजचा दर सेकंदाला ०.५ ऑर्डर, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरी ०.१५ ऑर्डर हातात. चार सर्व्हर आधीच ऑर्डरमध्ये असताना पाचवी ऑर्डर यायला हवी. पॉइसनच्या सूत्राने चार हातात असण्याची शक्यता सुमारे ०.००००१८ येते. तिला ०.५ने गुणले आणि आठ तासांच्या दिवसाचे २८८०० सेकंद धरले की दिवसाला ०.२६, म्हणजे चार दिवसांतून एखाद्या वेळी. ही वरची मर्यादा आहे, कारण पाचही भरले तरी एखाद्याची पतपाहणी आधीच उरकलेली असू शकते. एवढा विरळ प्रसंग ‘नेटवर्कचा झटका’ म्हणून खपून जातो.

महिनाअखेरीला दर चौपट झाला, सेकंदाला २. हातातल्या ऑर्डर सरासरी ०.६. तोच हिशेब केला तर दर तासाला २१. गर्दी ४ पट वाढली आणि कोंडीची वारंवारता साडेसहाशे पट. पाच सर्व्हर असले की हा दर साधारणपणे लोडच्या पाचव्या घाताने वाढतो. म्हणून रोज शांत असलेली यंत्रणा एका दिवशी कोसळते आणि ‘कालपर्यंत तर चालत होते’ हे वाक्य अगदी खरे असते.

याच हिशेबातून आणखी एक निघते. गर्दी तीच राहिली पण डेटाबेसमधल्या एका मंद क्वेरीमुळे ऑर्डरला ०.३ऐवजी १.२ सेकंद लागू लागले, तरी हातातल्या ऑर्डर ०.६च होतात आणि कोंडी तासाला पाचेक वेळा येते. मग क्वेरी सुधारली की कोंडी गायब होते, अहवालात मूळ कारण म्हणून क्वेरी लिहिली जाते आणि खरा दोष जागेवरच राहतो.

लागू न पडणारे उपाय

पहिला उपाय सर्व्हर वाढवण्याचा. काही जण मॅक्स ८ आहे म्हणून निश्चिंत असतात, पण साध्या विनंती-उत्तर सर्व्हरच्या बाबतीत टक्सिडो बूट करताना मिनएवढेच उठवतो. मॅक्सपर्यंतचे हाताने टीएमबूटने उठवावे लागतात, आपोआप उठतात ते संभाषण-प्रकारातले. समजा मिन ८ केले. सेकंदाला २ ऑर्डरवर कोंडी पाच-सहा दिवसांतून एकदा एवढी खाली येते. महिनाअखेरीची गर्दी दोन-तीन दिवसांची, म्हणजे दुरुस्ती झाली असेच वाटणार. पुढच्या सणाला दर सेकंदाला ४ झाला की तासाला तीन. सर्व्हर वाढवताना मॅक्सॲक्सेसर्स (जोडल्या जाणाऱ्या प्रोसेसची कमाल संख्या) आणि कर्नलच्या सेमाफोरची मर्यादाही पाहावी लागते, नाहीतर बूटच अर्ध्यावर अडते. टीएमलोडसीएफ या कॉन्फिग चढवणाऱ्या हुकमाला “-सी” दिल्यास किमान किती आयपीसी (सामायिक मेमरी, रांगा, सेमाफोर) लागेल ते आधी कळते.

दुसरा उपाय पतपाहणीला वरचा प्राधान्यक्रम देण्याचा: प्रायो ५० वरून ९०. याने फायदा होतो, आणि म्हणूनच तो फसवा आहे. रांगेत पतपाहणी ऑर्डरच्या पुढे जाते, कोंडी सुटल्यावर लगेच पुन्हा घट्ट होत नाही. पण पाचही सर्व्हर ऑर्डर घेऊन बसलेच तर प्राधान्याला विचारायला कोणी उरत नाही. शिवाय कमी प्राधान्याचा कोणी कायमचा उपाशी राहू नये म्हणून टक्सिडो दर दहावा संदेश आल्या क्रमानेच काढतो.

या अर्धवट उपायाचा एक वाईट परिणाम पुढे निस्तरावा लागतो. यंत्रणा पूर्ण मरत नाही, रखडते. क्लायंट ६० सेकंदांनी एरर घेऊन जातो, त्याची ऑर्डर रांगेत राहते, ७० व्या सेकंदाला उचलली जाते आणि यशस्वीपणे नोंदली जाते. तोवर वापरणाऱ्याने दुसरी टाकलेली असते. दुबार ऑर्डर गोदामात पोहोचतात.

मुदती वाढवणे हा तिसरा उपाय, आणि सर्वांत वाईट. ट्रानटाइम ३० वरून १२० केले की कोंडी चौपट वेळ टिकते आणि डेटाबेसमधले लॉकही तेवढेच धरले जातात. या कोंडीत उशिरा येणारे उत्तर नसतेच, त्यामुळे जास्त थांबून हाती काही लागत नाही. एसव्हीसीटाइमआउट लावून सर्व्हर मारायचा विचारही होतो. मुदत ओलांडलेला सर्व्हर सिगकिलने मारला जातो, रिस्टार्ट वाय असेल तर पुन्हा उठतो आणि उठल्याबरोबर रांगेतली पुढची ऑर्डर उचलतो. मॅक्सजेनची, म्हणजे किती वेळा उठायचे याची, मर्यादा संपली की मात्र उठायचाही थांबतो.

खात्रीची चाचणी

टेस्टच्या डोमेनमध्ये, म्हणजे टक्सिडोच्या वेगळ्या मांडणीत, ऑर्डसर्व्हरचे मिन १ आणि मॅक्स १ करा. एक ऑर्डर टाका. ती लगेच अडकते आणि ३० सेकंदांनी पडते, दर वेळी. गर्दी नको, लोड-टेस्टचे साधन नको. हीच ऑर्डर मिन २वर व्यवस्थित जाते, आणि बहुतेकांच्या टेस्ट डोमेनमध्ये दोन-तीन प्रती असतातच. प्रत्येक सर्व्हरची एकच प्रत असलेले एक टेस्ट डोमेन कायम ठेवावे आणि प्रत्येक बदल त्यातून एकदा न्यावा. स्वतःलाच बोलावणारा सर्व्हर त्यात पहिल्या कॉलला सापडतो.

दुरुस्ती: आधी कॉन्फिग, मग कोड

तातडीची दुरुस्ती प्रोग्राम पुन्हा न बांधता होते. तोच प्रोग्राम दोन नोंदींत, वेगवेगळ्या सर्व्हिस आणि वेगवेगळ्या रांगा देऊन चालवायचा:

ऑर्डसर्व्हर, एसआरव्हीआयडी १०, मिन ५, मॅक्स ८, आरक्यूॲड्र ऑर्डक्यू, रिप्लायक्यू वाय, सीएलओपीटी “-एस ऑर्डरनोंद --”
ऑर्डसर्व्हर, एसआरव्हीआयडी ३०, मिन २, मॅक्स ४, आरक्यूॲड्र पतक्यू, रिप्लायक्यू वाय, सीएलओपीटी “-एस पतपाहणी --”

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिल्या नोंदीतली “-ए” काढायला विसरले तर पतपाहणी दोन्ही रांगांवर जाहीर होते. एलडीबाल वाय असल्याने टक्सिडो कमी भाराची रांग निवडतो आणि काही विनंत्या पुन्हा ऑर्डक्यूवर जातात. कोंडी कमी होते, जात नाही. दुसरे, मॅक्स ८ असलेली नोंद १० ते १७ एवढे क्रमांक घेते, म्हणून दुसऱ्या नोंदीचा क्रमांक पुरेसा लांबचा हवा. तिसरे रिप्लायक्यू. एका रांगेवरच्या अनेक सर्व्हरपैकी ज्यांना स्वतः कॉल करून उत्तर घ्यायचे आहे त्यांना स्वतंत्र उत्तर-रांग लागते. पहिल्या नोंदीत ती आवश्यकच आहे.

डोमेन बंद करायचे, टीएमलोडसीएफ “-वाय” चालवायचे, टीएमबूट “-वाय” करायचे. मग टीएमॲडमिनमध्ये पीएससी (सर्व्हिसची यादी) देऊन पतपाहणी फक्त पतक्यूच्या सर्व्हरसमोर दिसते ना, हे डोळ्यांनी पाहायचे. एवढी एक तपासणी पहिली चूक पकडते.

दोन पतपाहणी सर्व्हर पुरतात का? ८० मिलिसेकंदांच्या कामाला दोघे मिळून सेकंदाला २५ विनंत्या उरकतात, गरज २ची. ऑर्डरच्या बाजूने एका वेळी पाचापेक्षा जास्त विनंत्या येऊच शकत नाहीत, कारण विचारणारे पाचच आहेत. सर्वांत वाईट वेळी तीन फेऱ्या, म्हणजे २४० मिलिसेकंद. वसुलीचा स्क्रीन याच्या वर थोडी भर घालतो, तरीही सोय मुबलक आहे.

कोडमधली दुरुस्ती सावकाश करावी, पण करावी. व्यवहार उघडून, ओळ घालून, लॉक धरून मग दुसऱ्याला विचारायला जाणे हा क्रमच उलटा आहे. ऑटोट्रान बंद करून आधी पतपाहणी, मग टीपीबिगिन, मग नोंद आणि टीपीकमिट. पतपाहणी व्यवहाराबाहेर गेली की तिला ब्लॉकटाइम लागू होतो. नव्या आवृत्त्यांत टीपीएसब्लॉकटाइमने तेवढ्या एका कॉलसाठी १० सेकंदांची मुदत देता येते. मुदती आतून बाहेर वाढत्या असाव्यात: पतपाहणी १०, व्यवहार २०, क्लायंट ६०. स्कॅनयुनिट १० असताना १०ची मुदत जवळजवळ २०पर्यंत लांबू शकते, म्हणून स्कॅनयुनिट ५ करावे आणि ब्लॉकटाइम त्याच वेळी १२ करावे. हे दुसरे विसरले तर क्लायंटची मुदत गुपचूप अर्धी होते.

टीपीफॉरवर्ड हा आणखी चांगला मार्ग, पण प्रवाह बदलावा लागतो. क्लायंट आधी पत तपासणाऱ्या सर्व्हिसला बोलावतो. पत ठीक असेल तर ती विनंती ऑर्डरनोंदकडे फॉरवर्ड करून मोकळी होते आणि उत्तर ऑर्डरनोंदकडून थेट क्लायंटला जाते. कोणी कोणाची वाट पाहतच नाही. अट एवढीच की फॉरवर्ड करणाऱ्याने स्वतः उघडलेला व्यवहार आधी मिटवलेला असावा आणि त्याची कोणतीही उत्तरे येणे बाकी नसावे. वसुलीच्या स्क्रीनला मात्र तपासणीचेच उत्तर हवे असते, म्हणून फॉरवर्ड करणारी सर्व्हिस वेगळ्या नावाने लिहावी लागते.

दुबार ऑर्डरचा बंदोबस्त रांगेत होत नाही, टेबलात होतो. क्लायंटने ऑर्डर पहिल्यांदा पाठवण्याआधी एक क्रमांक तयार करावा, पुन्हा पाठवताना तोच वापरावा आणि त्या कॉलमवर युनिक बंधन असावे. दुसऱ्यांदा आलेल्या ऑर्डरला एरर देण्याऐवजी पहिल्या नोंदीचा तपशील परत द्यावा, नाहीतर वापरणारा नवा क्रमांक घेऊन तिसऱ्यांदा येतो.

लपलेले वळसे

स्वतःला सरळ बोलावणारा सर्व्हर हा या दोषाचा सोपा अवतार आहे. अवघड अवतार असा: ऑर्डसर्व्हर पतपाहणीला बोलावतो, पतपाहणी ‘ग्राहकमाहिती’ मागते, आणि ती सर्व्हिस कधीकाळी कोणीतरी ऑर्डसर्व्हरमध्येच टाकलेली असते. सर्व्हर वेगळे केले तरी वळसा तसाच. म्हणून तक्ता सर्व्हिसचा न करता सर्व्हरचा करावा. एका रकान्यात सर्व्हर, दुसऱ्यात तो देत असलेल्या सर्व्हिस, तिसऱ्यात त्याच्या कोडमध्ये टीपीकॉल आणि टीपीएकॉलने (उत्तरासाठी लगेच न थांबणारा कॉल) बोलावलेल्या सर्व्हिस. नावे कोडमधून ग्रेपने निघतात, पण सर्व्हिसचे नाव व्हेरिएबलमधून येत असेल किंवा चालू असताना टीपीॲडव्हर्टाइझने जाहीर होत असेल तर ग्रेपला दिसत नाही. तिथे पीएससीचे आउटपुट आणि एकप्रत डोमेन दोन्ही वापरावे. बाण कायम वरच्या थरातून खालच्या थरात जायला हवा. एकही बाण वर आला तर ती सर्व्हिस वेगळ्या सर्व्हरमध्ये हलवावी.

पाळत ठेवण्यासाठी सीपीयूचा आलेख इथे कुचकामी आहे. दर दहा सेकंदांनी पीएसआर आणि पीक्यू घेऊन दोन आकडे ताडावेत. रांगेत विनंत्या आहेत आणि सलग तीन वेळा आरक्यूडन हललेला नाही, की इशारा द्यावा. निव्वळ लांब रांग म्हणजे गर्दी असू शकते. सर्व्हिसगणिक वेळ हवा असेल तर सीएलओपीटीत “-आर” लावावे आणि त्या नोंदीवर टीएक्सआरपीटी चालवावे. ऑर्डरनोंदची सरासरी ०.३ वरून ०.५कडे सरकताना त्यात दिसते, आणि वरच्या हिशेबात ती सरक घालून सर्व्हरची संख्या गर्दीच्या आधीच ठरवता येते.